साडेसात तासांचा राहुकाल

पृथ्वी गोल आहे, ही गोष्ट मी सासूबाईंना सांगायला नको होती.

त्यांना ती माहीत नव्हती अशातला भाग नाही. एकोणऐंशी वर्षांच्या आहेत, शाळेत भूगोल शिकलेल्या आहेत, आणि टेलिफोन खात्यात सबंध नोकरी लांबलांबच्या गावांचे ट्रंक कॉल जोडून देण्यात गेली आहे. पण पृथ्वी गोल असली तरी आपल्या जागी गोल असते, उगाच कुणाच्या वाटेला जात नाही, अशी त्यांची समजूत होती. ती त्यांच्या प्रवासाच्या आड येते हे मी पुराव्यानिशी सिद्ध करून दाखवलं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी मूळचा सांगलीचा. चेन्नईतल्या अंबत्तूरला पंपांच्या एका कारखान्यात डिस्पॅच खात्यात चिकटलो आणि तिथूनच निवृत्त झालो. डिस्पॅचच्या माणसाला एक खोड लागते. कुणी गावाचं नाव काढलं की तो अंतर सांगतो, पाठोपाठ किती तास लागतील तेही सांगतो. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस नागपूरचा निघाला की मी त्याला नागपूर किती लांब आहे ते ऐकवतो. (त्याला ते माहीत असतं. तो तिथूनच आलेला असतो!) बायको, म्हणजे नलिनी, अशा वेळी माझ्या ताटात जिलबी वाढायला सांगते, म्हणजे तोंड भरलेलं राहतं.

नलिनी तंजावरच्या मराठी घरातली. तिच्या आईला मी अम्मा म्हणतो. त्या मला ‘मापिळ्ळै’ म्हणतात, म्हणजे तमिळमध्ये जावईबापू. त्यांची मराठी कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला उतरली ती तिथेच राहिली, वर तमिळचा हेल. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडे अण्णा नगरला असतात, आणि आमच्या घराचं घड्याळ त्यांच्या हातात आहे. म्हणजे राहुकाल. रोज दीड तास, दर वाराला वेगळ्या वेळी. त्या दीड तासात चेन्नईत शुभ असं काही सुरू करायचं नाही. सांगलीत आमच्या घरी कुणी एवढं बघत नसे, पण इथे आमच्या कारखान्यातसुद्धा माल भरलेला ट्रक राहुकाल संपेपर्यंत गेटात उभा असायचा आणि मग चाकाखाली लिंबू चिरडून निघायचा. त्यामुळे राहुकालाशी माझं भांडण नव्हतं. मी तो वेळापत्रकात धरत असे.

तर आमची मुलगी अनघा सान फ्रान्सिस्कोला असते. तिला मुलगी झाली. नलिनी बाळंतपणाला आधीच गेली होती. बारसं रविवारी ठरलं, आणि अम्मांच्या घरची रीत अशी की बाळाच्या कानात नाव पहिल्यांदा घरातल्या सगळ्यात वडील बाईनं सांगायचं. अनघाच्या कानात तिच्या पणजीनं सांगितलं होतं. आता पणजी व्हायची पाळी अम्मांची होती. त्यांनी आपल्या लग्नातली कांजीवरम कापून बाळासाठी कुंची शिवली होती आणि रोज एकदा ती बॅगेतून काढून, बघून, परत ठेवत होत्या. त्यांना घेऊन जायचं काम माझ्याकडे होतं. अनघाच्या नवऱ्यानं तिकिटं पाठवली. शुक्रवारी पहाटेच्या आधी चेन्नई सोडायची, युरोपात विमान बदलायचं, शुक्रवारीच दुपारी पोचायचं.

अम्मांनी कॅलेंडर बघितलं. शुक्रवारचा राहुकाल साडेदहा ते बारा. आपण तर पहाटेच्या आधी निघतोय. सरी, म्हणजे ठीक, म्हणाल्या. मग सहज म्हणून त्यांनी विचारलं की साडेदहाला आपण कुठे असू.

‘विमानात, झोपलेले,’ एवढं उत्तर पुरेसं होतं. मी माळ्यावरून अनघाचा शाळेतला पृथ्वीगोल काढला.

टेबल लॅम्पचा सूर्य केला. चेन्नईपासून सान फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणून धरला आणि अंतर चौदा हजार किलोमीटरच्या आसपास आहे, दोरा कसा उत्तर ध्रुवाच्या अंगानं जातो, विमानं मात्र मध्ये कुठे कुठे उतरून जातात, हे सगळं सांगितलं. विमान म्हणून लिंबू घ्यायला गेलो, तर अम्मांनी ते घेऊ दिलं नाही. प्रवासाचं लिंबू चाकाखाली जातं, ते आकाशात उडवायचं नसतं म्हणे. मग मी शेंगदाणा घेतला.

‘हे दुसरं विमान तिकडून कधी सुटतं?’ अम्मांनी विचारलं.

‘सकाळी साडेदहाला.’

‘आन् उतरतं?’

‘पाऊण वाजता. त्याच दुपारी.’

‘सव्वादोन तासांत अमेरिका? मुंबईला जायला दोन तास लागतात, मापिळ्ळै.’

इथे एखादा शहाणा माणूस चहा ठेवायला उठला असता. मी शेंगदाणा उचलला. म्हटलं, अम्मा, विमानाला सव्वाअकरा तास लागतात, पण ते सूर्याच्या मागे मागे पश्चिमेला पळतं. सूर्य पुढे, आपण मागे. त्यामुळे खालच्या गावांतलं घड्याळ जेमतेम सरकतं. विमान पाच तास उडावं, तेव्हा खाली एक तास पुढे जातो. हे बोलताना मी शेंगदाणा अटलांटिकवरून असा काही नेला की माझं मलाच कौतुक वाटलं.

अम्मांनी दोन्ही डोळे बारीक केले. ‘म्हणजे आपण वर अहोत, आन् खाली साडेदहाच?’

‘जवळजवळ.’

‘शुक्रवारचे.’

‘शुक्रवारचे.’

‘मग अत्तां हे सांगा. राहुकालम् संपतं कधी?’

आता माणसानं दचकावं की नाही? मी खूश झालो! इतका सुंदर प्रश्न मला डिस्पॅचमध्ये कुणी कधी विचारला नव्हता. कागद घेतला, दीड तासाला पाचानं गुणलं आणि विजयी मुद्रेनं जाहीर केलं की राहुकालात उड्डाण केलेलं विमान राहुकालालाच बरोबर घेऊन जातं, आणि इथला दीड तासाचा राहुकाल तिथे साडेसात तास चालतो.

‘साडेसात,’ अम्मा म्हणाल्या. (नेमका हाच आकडा यायचा होता. शनीची वर्षं तेवढी, राहूचे तास तेवढे!) त्यांनी माझ्या हातातला शेंगदाणा काढून वाटीत ठेवला आणि आत गेल्या. थोड्या वेळानं बघतो तर त्या बॅगेतून एकेक वस्तू काढून परत कपाटात लावत होत्या. कुंची तेवढी मांडीवर होती. मला फार वाईट वाटलं. गणित मात्र बरोबर होतं.

त्या संध्याकाळी नलिनीचा व्हिडिओ कॉल आला. अम्मांनी तिला शांतपणे सांगितलं की पहिल्यांदा पणतीकडे जाताना सबंध राहुकालात बसून जायचं नाही, तिचं नाव कानात सांगायला तसं तोंड घेऊन जायचं नाही. अनघा रडायला लागली. तिचं ऐकून बाळ रडायला लागलं. नलिनीनं फोन घेऊन खोलीबाहेर नेला आणि मला विचारलं, ‘तुम्ही आईला काय सांगितलंत?’

‘मी नाही, त्यांनीच विचारलं. मी फक्त गुणाकार केला.’

‘रविवारपर्यंत आई इथे पाहिजे. भागाकार करा, काय वाटेल ते करा,’ असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मी वाध्यारांना, म्हणजे अम्मांच्या पुरोहितांना, फोन केला. त्यांनी राहुकाल आपण असू त्या जागेचा धरायचा असं ठणकावून सांगितलं. जागा ताशी नऊशे किलोमीटरनं पळत असेल तर, असं विचारल्यावर पंचांगाची पानं चाळल्याचा आवाज आला. नंतर कळवतो म्हणाले, आणि मग त्यांचा फोन लागेना. दरम्यान अम्मांनी ही हकिगत समोरच्या फ्लॅटमधल्या मीनाक्षी मामींना सांगितली. मामींनी लिफ्टमध्ये सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या दाराशी माणसं तिकिटं घेऊन यायला लागली! कुणाचा मुलगा लंडनला निघालेला, कुणाची सून टोरोंटोहून येणार. माझ्या पृथ्वीगोलाला एवढा मान शाळेतही मिळाला नसेल. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मुलाचं जुनं तिकीट आणलं, मी दोरा लावला, साडेतीन तास राहुकाल निघाला. ‘तरीच,’ ते म्हणाले, ‘तिथे गेल्यापासून त्याला बॉस वाईट मिळाला.’ जाताना मला केळी देऊन गेले. मी नको म्हणालो नाही.

पण अम्मांचं काय? मी पुन्हा डोकं चालवलं आणि पूर्वेचा रस्ता काढला. सिंगापूरवरून, पॅसिफिक ओलांडून. पूर्वेला जाताना सूर्य समोरून येतो, त्यामुळे राहुकाल समोरच्या गाडीसारखा झपकन निघून जातो. दीड तासाचा पाऊण तासही उरत नाही! अम्मांचा चेहरा उजळला. शनिवारी सकाळी त्या विमानात जागा होती. बारशाला पोचत होतो. त्या कुंची परत बॅगेत ठेवायला उठल्या, आणि मला गप्प बसवेना.

म्हटलं, यात आणखी गंमत म्हणजे वाटेत तारखेची रेषा लागते. ती ओलांडली की तोच वार पुन्हा येतो. शनिवारनंतर परत शनिवार!

अम्मा थांबल्या. ‘शनिवारी एकादशी अहे,’ म्हणाल्या.

दोनदा एकादशी! अम्मा एकादशीला पाण्याशिवाय काही घेत नाहीत. त्यांची उपासाला ना नव्हती, दोन दिवस काय त्या चार दिवस राहतील. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. दुसऱ्या दिवशी द्वादशीला उपास सोडायचा, आणि रेषेपलीकडे दुसऱ्या दिवशीही एकादशीच, तर सोडायचा कधी? मी पृथ्वीगोल उलटसुलट फिरवून बघितला. द्वादशी कुठे सापडेना. कुंची परत मांडीवर आली.

तोडगा शेवटी मामींनी काढला. त्या म्हणाल्या, एवढं कशाला, प्रस्थान ठेवा की. ही रीत आपल्याकडेही होती, फक्त मी ती विसरलो होतो. निघायच्या वेळी मुहूर्त नसेल तर आधीच्या एखाद्या चांगल्या वेळी आपली वस्तू घराबाहेर, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास त्या क्षणी सुरू झाला असं धरायचं. मग पुढे वाटेत काहीही लागो. अम्मांनी कपाळाला हात लावला. एवढी साधी गोष्ट त्यांनाही सुचली नव्हती, आणि याचं कारण माझा पृथ्वीगोल होता असं त्यांचं मत पडलं.

बुधवारी सकाळी चांगली वेळ होती. अम्मांनी दोन पिशव्या घेतल्या, एक त्यांची, एक माझी. प्रत्येकीत तांदूळ, सुपारी, हळकुंड. खरं तर तेवढंच पुरतं. पण माझ्यातला डिस्पॅचवाला जागा झाला. सुपारी गेली म्हणजे माल गेला का? गाडी गेटाबाहेर पडली की कागद गाडीबरोबर पाहिजेत, हा माझा आयुष्यभराचा नियम. राहूनं मध्येच अडवून विचारलं तर दाखवायला काहीतरी नको? म्हणून मी अम्मांचा पासपोर्ट आणि तिकीट त्यांच्या पिशवीत घातलं, माझं माझ्या पिशवीत. अम्मांना ते पटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना माझं काही पटलं होतं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

आम्ही पिशव्या मामींच्या देवघरात ठेवून आलो. मग अम्मांनी नियम सांगितले. ठेवलेलं प्रस्थान निघायच्या आधी घरात परत आणायचं नाही. आणि ज्याचं त्यानंच उचलायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. याचा पहिला फटका ऑनलाइन चेक-इनच्या वेळी बसला. पासपोर्टचा नंबर हवा होता आणि पासपोर्ट घरात आणायची बंदी. मी जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो आणि मामी आपल्या उंबऱ्यातून नंबर ओरडून सांगत होत्या. सबंध मजल्याला माझा पासपोर्ट नंबर पाठ झाला.

गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला म्हटलं, पिशव्या हाताशी असाव्यात. बेल वाजवली. दाराला कुलूप! अम्मा म्हणाल्या, मामी कचेरीला गेली आहे, साडेआठला येईल. (ही कचेरी ऑफिसची नव्हे, गाण्याची.) मामी गाण्याला बसल्या की फोन बंद करून ठेवतात. दुसरी किल्ली त्यांच्या मुलाकडे, कार्तिककडे. कार्तिक श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला, आणि तिथे फोन गेटावर जमा करून आत सोडतात.

‘थांबा, येईल ती,’ अम्मा म्हणाल्या.

थांबा? डिस्पॅचमधल्या माणसाला? अण्णा नगर ते श्रीपेरुंबुदूर चाळीस किलोमीटर. जायला एक तास, यायला एक तास. नऊला किल्ली हातात, दहाला आपण टॅक्सीत. मी अम्मांना हा हिशोब ऐकवला आणि स्कूटर काढून निघालो.

जायलाच दोन तास लागले, कारण त्या रस्त्यावर शिफ्टच्या बस असतात हे मी हिशोबात धरलंच नव्हतं. गेटावरच्या सिक्युरिटीला प्रस्थान म्हणजे काय हे माझ्या तमिळमध्ये समजावण्यात आणखी वेळ गेला. त्यांचा समज झाला की मामी वारल्या, म्हणून त्यांनी कार्तिकला धावत बोलावून आणलं. तो घाबराघुबरा आला, किल्ली दिली आणि आई जिवंत असल्याचं कळल्यावर तसाच परत आत गेला. किल्ली खिशात घालून मी परत फिरलो, तो पूनमल्लीच्या अलीकडे एक लांबलचक ट्रेलर रस्त्यावर आडवा झालेला. पुढे हालचाल नाही, मागे हालचाल नाही.

तिथे अम्मांचा फोन आला. मामी साडेआठलाच आल्या होत्या. अम्मांनी आपली पिशवी उचलली होती. माझी नाही, कारण ज्याचं त्यानंच. टॅक्सी खाली उभी होती.

‘मापिळ्ळै, कितकी वेळ लागेल?’

‘अर्ध्या तासात पोचतो,’ मी म्हणालो. तो आकडा कुठून काढला, देव जाणे.

अम्मांनी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवला. अर्धा तास माझी वाट बघितली, मग आणखी अर्धा तास बघितली, आणि मग मामींना बरोबर घेऊन विमानतळावर गेल्या. मी ट्रेलरमागून सुटून घरी आलो, मामींच्या देवघरातून स्वतःच्या हातानं स्वतःची पिशवी उचलली आणि मीनंबाक्कमच्या विमानतळावर पोचलो, तेव्हा काउंटर बंद झालं होतं. मामी एकट्या बाकावर बसल्या होत्या. अम्मा व्हीलचेअरमधून हात हलवत आत गेल्या, असं म्हणाल्या. त्याच विमानानं जाणाऱ्या एका कोइंबतूरच्या कुटुंबाला त्यांनी गाठलं होतं आणि ‘माझे जावई हिशोबात पक्के अहेत, पण अत्तां वाटेत अहेत,’ असं सांगून ठेवलं होतं.

मला घाम फुटला. एकोणऐंशी वर्षांची बाई, आयुष्यात पहिल्यांदा परदेशी, मध्ये विमान बदलायचं, आणि मी बाकावर! नलिनीला फोन करून सांगितलं. तिनं विमानाचा नंबर लिहून घेतला आणि फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी ते दुसरं विमान युरोपातून उठलं. मी मोबाइलवर नकाशा लावून बसलो होतो. त्या पिटुकल्या विमानाकडे बघत मी तोच गुणाकार पुन्हा पुन्हा केला, दर वेळी साडेसातच आले. मग मी आंघोळ केली आणि देवघरासमोर बसलो. अन्न घेतलं नाही, पाणी घेतलं नाही, फोन आले ते उचलले नाहीत. राहुकालात काही सुरू करायचं नाही म्हणतात, मी पंखासुद्धा सुरू केला नाही. चेन्नईच्या उकाड्यात घामानं निथळत रात्री दहापर्यंत, साडेसात तास, एका जागी बसलो. विमान ग्रीनलंडवरून गेलं, कॅनडावरून गेलं, आणि मी हलकेच उठून पाणी प्यायलो.

रविवारी बारसं झालं. मी ते फोनवर बघितलं. अम्मांनी बाळाला कुंची घातली, पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं, आणि बाळ रडायचं थांबून त्यांच्याकडे बघत राहिलं. माझे डोळे भरून आले. मग फोन अम्मांच्या हातात आला. मी पहिला प्रश्न विचारला तो राहुकालाचा. कसा गेला?

‘कुठला राहुकालम्?’ अम्मा म्हणाल्या. ‘विमान उठलं, जेवण आलं, मग त्या मुलीनं सगळ्या खिडक्या लावल्या आन् अंधार केला. सूर्यच नाही, तर राहुकालम् कुठून? छान झोपले.’

कोइंबतूरचं कुटुंबही म्हणे झोपलं होतं. अख्ख्या विमानात राहुकाल पाळणारा एकच माणूस होता, आणि तो विमानात नव्हता.